मडम गाईचं निळं दूध

नोकरी संपली त्या दिवशी निरोपाच्या भाषणात आमचे साहेब म्हणाले, "यांनी सगळी हयात दुधातलं पाणी शोधण्यात घालवली." टाळ्या पडल्या. माझ्या हातात नारळ होता, खांद्यावर शाल होती, म्हणून मी हसून घेतलं. पण ते खरं नाही. दुधातलं पाणी शोधायला फारशी अक्कल लागत नाही. काचेची एक फुगीर नळी दुधात सोडायची, ती किती बुडते ते बघायचं, झालं. मी शोधत होतो ते दुधातलं औषध. आणि ते शोधायला निघालं की दूध राहतं बाजूला, माणसंच सापडत जातात.

माझा जन्म दौंडच्या रेल्वे वसाहतीतला. वडील लोको शेडमध्ये खलाशी. आम्ही बौद्ध. पण वसाहतीत एका बाजूला मद्रासी गार्ड, दुसऱ्या बाजूला गोरा दिसणारा अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, समोर पठाण फिटर, अशा शेजारात कोण कुठला हे विचारायला कुणाला सवड नव्हती. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो आणि बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर शिरूर भागातल्या एका शीतकेंद्रावर तपासनीस म्हणून लागलो. शीतकेंद्र म्हणजे गावोगावच्या सोसायट्यांचं दूध कॅनमधून येतं, तपासलं जातं, थंड होतं आणि टँकरनं पुढं जातं ती जागा. नेमणूक तात्पुरती. साहेबांचा शेरा चांगला पडला तर दर सहा महिन्यांनी पुढं सरकायची. पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की इथं गावात गेल्यावर माणसं नाव विचारतात ते निव्वळ आडनावापर्यंत पोचायला.

आता धंद्यातलं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

गाईच्या सडातून जंतू आत शिरले की कास सुजते, दगडासारखी घट्ट होते. आपल्याकडे त्याला दगडीच म्हणतात. त्या वेळी गावोगाव संकरित गाई नुकत्याच यायला लागल्या होत्या. दूध भरपूर, आणि दगडीही भरपूर. डॉक्टर येऊन पेनिसिलीनची ट्यूब सडात पिळायचे. गाय बरी व्हायची. पण ते औषध पुढचे तीन दिवस, म्हणजे सहा धारांपर्यंत, दुधातून बाहेर येत राहतं. ते दूध ओतून द्यायचं असतं. कारण दोन. एक म्हणजे विरजण हे जिवंत जंतूंचं काम आहे, आणि पेनिसिलीनला दगडीचे जंतू कुठले नि दह्याचे कुठले हा भेद कळत नाही. ते सगळ्यांना सारखंच मारतं. दुसरं म्हणजे काही माणसांना पेनिसिलीन सोसत नाही. कुणाच्या अंगावर पित्त उठतं, कुणाचा श्वास कोंडतो, कुणी जाग्यावर पडतं. डॉक्टरांचं काम गाय बरी करण्याचं. त्यांनी दिलेलं औषध माणसांच्या पोटात जाऊ नये म्हणून त्यांच्या मागं मागं फिरणं, हे माझं.

हे काम माझ्या गळ्यात पडलं ते एका बक्षिसामुळं.

कवठे येमाईच्या पुढं एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथल्या नातवंडांशी आता माझे चांगले संबंध आहेत. साहेबांच्या डोक्यातून स्वच्छ दूध स्पर्धा निघाली आणि त्या गावात मी नमुने गोळा करायला गेलो. परीक्षा सोपी असते. नळीत दूध घ्यायचं, त्यात मिथिलीन ब्लू नावाच्या निळ्या रंगाचं द्रावण घालायचं आणि नळी कोमट पाण्यात उभी करायची. दुधातले जंतू तो निळा रंग घालवतात. घाण दूध तासाभरात पांढरं होतं, चांगलं दूध चार-पाच तास निळं राहतं. सकाळी आठला पंचवीस नळ्या लावल्या. दुपारपर्यंत चोवीस पांढऱ्या झाल्या. किसनआबांची पंचविसावी संध्याकाळी पाचला निळी होती. दुसऱ्या दिवशी सकाळीही निळीच. इतकं शुद्ध दूध मी पुस्तकातसुद्धा वाचलं नव्हतं. मी साहेबांना बोलावून दाखवलं. साहेबांनी त्यांच्या साहेबांना फोन केला.

सत्कार झाला. दूध सोसायटीचे चेअरमन तात्या. सहा फूट उंच, पांढरा फेटा, बोलताना प्रत्येक वाक्याला एक बोट वर. त्यांनी आबांना शाल, नारळ आणि स्टीलची चरवी दिली. आबा बुटके, लाजरे. माइकपुढं उभे राहून एवढंच म्हणाले, "आमी काय न्हाई करत. कास धुतो, आन् मडमला शिव्या देत न्हाई." मडम म्हणजे त्यांची गाय. जर्सी असल्यामुळं गावानं तिला ते नाव दिलं होतं.

बक्षिसाच्या आनंदात आबांनी चार आळ्यांना जेवण घातलं. मठ्ठ्यासाठी घागरभर दूध मडमचंच, बक्षीसपात्र, विरजून ठेवलं होतं. सकाळी बघतात तर दही नाहीच. पातळ दूध, वर बुळबुळीत साय. पंगतीला मठ्ठ्याऐवजी गूळपाणी वाढलं. आमच्या केंद्रावरचे शिपाई गुलाबभाई त्या पंगतीला होते. परत आले ते माझ्यापुढं खुर्ची ओढून बसले.

"साब, एक बात बोलू? राग मानू नका. गावात बोलतायत, तपासनिसानं नमुना घ्यायला पळी बुडवली, म्हणून विरजण लागलं न्हाई."

मला हसू आलं आणि लगेच थांबलं. त्यांचं म्हणणं एका परीनं तपासण्यासारखं होतं. मी केंद्रावर माझ्या हातानं चार वाट्या विरजण लावलं. दोन दुसऱ्या गावच्या दुधाच्या, दोन मडमच्या. सकाळी पहिल्या दोनांत सुरीनं कापावं असं दही, दुसऱ्या दोनांत काही नाही. वाट्या पिशवीत घालून मी थेट जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो.

डॉक्टर सोनटक्के म्हणजे पुण्यातला पोरगेला माणूस, गाईंना "अहो" म्हणायचा. त्यांनी वाट्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "अहो, रंग घालवायला त्यात जंतू जिवंतच नव्हते. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी तिच्या सडात ट्यूब सोडली होती, आणि परवा पुन्हा. आबांना बजावून सांगितलं होतं, हे दूध तीन दिवस खायला वापरू नका."

आम्ही त्यांच्या फटफटीवरून आबांकडं गेलो. आबा म्हणाले, "मठ्ठ्याला तेवढं इरजलं, बाकी न्हाईच वापरलं, डाक्टरसायेब. पोरास्नी थेंब दिला न्हाई. च्यात घातलं न्हाई. शपथ."

"मग केलं काय त्याचं?"

"सोसायटीला घातलं की."

"आबा, अहो, सोसायटीचं दूधसुद्धा लोक पितातच ना?"

आबांनी थोडा विचार केला. "ते पुण्याचं लोक," ते म्हणाले. "त्येंला काय व्हतंय."

तेव्हा दारातून त्यांची सून पुढं आली. सुमन. वीस-बावीसची असेल. हातात घडी घालून घालून फाटायला आलेला एक कागद. "डाक्टर, तुमचं औषध पेनिसिलीनचं हाय का? मला त्याची बाधा हाय. पायात खिळा गेला तवा सुई टोचली, आन् मी मेलेच व्हते. डाक्टरनी ह्ये लिहून दिलंय, कुणी सुई काढली की दाखवायचं." कागदावर लाल शाईनं दोन ओळी होत्या. "संशय व्हताच, म्हून मी मडमच्या धारंला बसत न्हाई," ती म्हणाली. अख्ख्या गावात औषधाचं गांभीर्य कळलेली ती एकटी होती, आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं, कारण ती सून होती.

बक्षीस परत घ्यायचं साहेबांनी नाकारलं. फोटो पुण्याला गेले होते. मला म्हणाले, "आता हे तुम्हीच निस्तरा. डॉक्टरांना मदत करा."

पहिला उपाय डॉक्टरांनी काढला. औषध दिलेल्या जनावराच्या मागच्या पायाला लाल फीत बांधायची. फीत दिसली की सोसायटीनं त्या घरचं दूध घ्यायचं नाही. प्रयोग दौंडच्या बाजूच्या, भीमेकाठच्या एका गावात केला. आठ दिवसांनी मी तपासायला गेलो तर गावातल्या झाडून सगळ्या जनावरांना लाल फीत. म्हशींना, बैलांना, शेळ्यांना, एका मोटरसायकलच्या हँडललासुद्धा. एका म्हाताऱ्यानं समजावून सांगितलं, "सरकारी फीत बांधली की दगडी व्हत न्हाई म्हन्त्यात." मी विचारलं, डॉक्टरांनी नेमकी कुणाला बांधली होती? ते आता कुणालाच सांगता येत नव्हतं. परत येताना डॉक्टर फटफटीवरून ओरडून म्हणाले, "खूण जनावरावर नको. खूण दुधातच पाहिजे."

इथं माझं रसायनशास्त्र आडवं आलं. मी म्हणालो, "मग रंग घालू."

मिथिलीन ब्लू माझ्या कपाटात होतंच. ट्यूबबरोबर तेही थोडं सडात सोडायचं. दूध आकाशी येईल. औषध उतरेल तसा रंगही उतरेल. निळं दूध कुठली सोसायटी घेणार? मी काचेच्या कांडीनं ढवळून द्रावण केलं, गाळलं, उकळलं. परदेशात असं कुणी करतं की नाही ठाऊक नाही. आम्ही कुणाला विचारलं नाही, कुणाची परवानगी काढली नाही. आज तसं केलं तर दोघांनाही आत टाकतील, आणि योग्य करतील.

आठवड्याभरात मडमचा दुसरा सड सुजला. डॉक्टरांनी ट्यूब आणि माझं द्रावण सोडलं. आबांना मी स्वतः तीनदा सांगितलं, "दूध निळं येईल. निळं आहे तोवर ओतायचं."

"निळं दिसलं की वतायचं. सोपं हाय," आबा म्हणाले.

सोपं होतंच. फक्त दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं आबा लेकीला आणायला गेले, आणि जाताना बायकोला सांगायचं विसरले. महिना श्रावण. गोकुळअष्टमी दोन दिवसांवर. आम्ही दोघंही शास्त्राचे पदवीधर, पण कॅलेंडर कुणी पाहिलं नाही.

सकाळी दहाला आम्ही निकाल बघायला निघालो. वेशीवर एस.टी. उभी होती. ड्रायव्हर नाही, कंडक्टर नाही, एकही उतारू नाही. नऊ-दहा बैलगाड्या सुटलेल्या. आबांच्या गुरांच्या वाडग्याकडून टाळ-मृदंगाचा आवाज येत होता. डॉक्टरांनी फटफटी थांबवली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "तुम्ही किती घातलं होतं?"

वाडग्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मधे मडम उभी, कपाळाला हळदीकुंकू, गळ्यात झेंडूचा हार. ती तो हार खात होती. पुढं पाटावर तांब्याचा हंडा, त्यात श्रावणातल्या उघडिपीच्या आभाळासारखं दूध. मालकाचं नाव किसन, महिना श्रावण आणि दूध निळं. कुणाला काही सांगायची गरज उरली नव्हती. आबांची बायको सोनाआजी पळीनं तीर्थ देत होती, आणि तात्या रांग लावत होते. त्यांनी स्वतः तीन पेले घेतले होते असं नंतर कळलं. एक चेअरमन म्हणून, एक माजी सरपंच म्हणून आणि एक चव बघायला.

डॉक्टरांना बघताच गलका झाला. ह्यांच्याच हातानं चमत्कार झाला! त्यांना उचलून खुर्चीवर बसवलं, गळ्यात हार घातला, डोक्याला फेटा गुंडाळला. डॉक्टर फेट्याखालून ओरडत होते, "अहो, पिऊ नका! ते औषध आहे! औषध!"

"व्हय व्हय!" पुढचा एक जण मागच्यांना ओरडला, "डाक्टरसायेब बी म्हन्त्यात, औषध हाय! समद्या रोगावरचं!"

रांग दुप्पट झाली.

मी माणसांतून वाट काढत हंड्यापर्यंत पोचलो. सोनाआजीला वाटलं, मी तीर्थाला आलो. तिनं मला ओळखलं होतं. तिनं पळी माझ्या ओंजळीपासून हातभर वर धरली आणि तिथून धार सोडली. दोन थेंब उडाले तशी तिनं पळी झटकन मागं घेतली. मी ओंजळीत बघत उभा राहिलो. ते माझंच द्रावण होतं. मी ढवळलेलं, मी गाळलेलं. ते माझ्या ओंजळीत पडताना विटाळत होतं.

मी म्हणालो, "आजी, ह्यात दवा आहे. मी स्वतः रंग घातलाय. आबांना विचारा."

"आबा लेकीकडं गेल्यात," ती म्हणाली. "पुढं सरका."

मी सरकलो, आणि बघतो तर माझ्या मागं सुमन. पदर डोक्यावर, डोळे खाली. तिनं कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मला विचारलं, "सायेब, ह्ये त्येच हाय ना? मडमच्या सडातलं?"

"तेच. घेऊ नका. थेंबसुद्धा नको."

"आत्याबाई, मला नगं," ती सासूला म्हणाली. "मला त्याची बाधा हाय."

"देवाची कसली गं बाधा?" सोनाआजीचा आवाज चढला. भजन मंदावलं. बायका वळून बघायला लागल्या. "दोन वरसं झाली, पाळणा हलंना. आज देव दारात आलाय तर ही नगं म्हन्ती! पसर हात."

तात्या बोट वर करून आले. "सूनबाई, गावापुढं शोभा नको. घे."

सुमननं हात पुढं केला. डॉक्टर खुर्चीवरून उतरायला धडपडत होते आणि चार माणसं त्यांना प्रेमानं खाली दाबत होती. मी पुन्हा ओरडलो. रसायन, पेनिसिलीन, लाल शाईचा कागद, जे तोंडाला आलं ते. माझं कोण ऐकणार? मी तिथं कोण होतो? आणि मी तिथं कोण होतो, हे मनात येताक्षणी मला काय करायचं ते सुचलं.

मी शर्टाची बाही वर सारली, पुढं झालो आणि उजवा हात कोपरापर्यंत हंड्यात घातला.

मृदंगवाल्याचा हात हवेतच राहिला. मी हात आत तसाच ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं माझं पूर्ण नाव सांगितलं. आडनावासकट.

"बाटलं," कुणीतरी म्हणालं.

"बाटलं, बाटलं!" सोनाआजीच्या हातातली पळी पडली. रांग मागं सरकली, कोंबड्या उधळल्या. तात्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "वता! वता ते आधी!" ते ओरडले. दोघांनी काठी घालून हंडा आडवा केला. मिथिलीन ब्लू, पेनिसिलीन आणि मडमचं दूध आबांच्या उकिरड्यात गेलं. नेमकं जिथं जायला हवं होतं तिथं. पुढचे दोन दिवसही त्या गाईचं दूध कुणी घेतलं नाही. शास्त्राप्रमाणं मुदत पुरी झाली.

मी निघालो तेव्हा माझ्यासाठी आपोआप वाट मोकळी होत गेली. कुंपणापाशी सुमन उभी होती. तिच्याकडं बघितलं असतं तर कदाचित रडलो असतो, म्हणून मी माझ्या हाताकडं बघत चाललो. तो निळा पडला होता आणि कुणीतरी दुसऱ्याच्याच अंगावरून काढून मला लावल्यासारखा वाटत होता.

बरंच अंतर गेल्यावर डॉक्टरांनी फटफटी बाभळीखाली उभी केली. फेटा अजून डोक्यावरच होता. म्हणाले, "मला हे जमलं नसतं हो."

"तुमच्या हाताला तेवढी ताकद नाही, डॉक्टर," मी म्हणालो.

ते हसायला लागले, आणि मधेच त्यांना त्या वाक्याचा अर्थ कळला. मग त्यांनी फेटा काढला, बराच वेळ तो नीट घडी करत बसले.

ज्यांनी तीर्थ घेतलं त्यांच्यातल्या कुणाला काही झालं नाही. ते आमचं नशीब. शहाणपण म्हणता येणार नाही. दोन माणसांनी प्रयोगशाळेतला रंग न विचारता गावाच्या पोटात घातला, याची बोच मला अजून आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलाशी बसलो होतो. नोकरी गेली, असं धरून चाललो होतो. शेरा साहेबांचा, आणि साहेब तात्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. साडेनऊला तात्या आले. एका हातात कागद, दुसऱ्या हातात उपरण्यात गुंडाळलेलं काहीतरी. फेटा तिरका झालेला. गुलाबभाईंनी सवयीनं त्यांच्या हातातलं घेतलं. सोसायटीची दुधाच्या नमुन्याची बाटली होती, वर बूच. उजेडात धरली तर आत हिरवंगार पाणी. गुलाबभाईंनी चिठ्ठी चिकटवली, क्रमांक घातला आणि मला विचारलं, "साब, ह्याचं फॅट लावू का?"

"दार लावा," तात्या म्हणाले.

दार लावलं. तात्यांनी आधी कागद पुढं केला. माझ्याविरुद्ध तक्रार. "सदर तपासनीस यांनी सोसायटीच्या दुधात आपला हात घातला. सदर हात" आणि त्याच्या पुढं तीन शब्द एकापाठोपाठ एक लिहून खोडलेले. खरा शब्द लिहिला तर तुम्हीच आत जाल, असं गावच्या मास्तरांनी त्यांना सांगितलं असावं. शेवटी "स्वच्छ नव्हता" असं लिहिलं होतं.

मी कागद वाचून बाजूला ठेवला. "आणि ही बाटली?"

सहा फुटी तात्या टेबलावरून माझ्या कानाशी वाकले. "ही माझी हाय. कालच्या दुपारपासनं ह्येच. हिरवं. घरात कुणाला बोललो न्हाई. मरणार हाय का मी?"

मिथिलीन ब्लू पोटात गेलं की लघवीवाटे हिरवं होऊन बाहेर पडतं. तीन पेल्यांना दोन दिवस लागतात. धोका काही नाही. हे सगळं मला एका वाक्यात सांगता आलं असतं. मी बाटली पुन्हा उजेडात धरली.

"मरणार नाही," मी म्हणालो. "पण धुऊन काढावं लागेल. पाणी प्यायला पाहिजे. भरपूर, आणि आत्ताच."

"कुठलं पाणी?"

खिडकीत माझा माठ होता. त्यावर पितळी पेला पालथा. केंद्रावरचे बाकीचे लोक बाहेरच्या नळाचं पाणी प्यायचे. मी माठाकडं बोट केलं. "हे."

तात्यांनी माठाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, बाटलीकडं पाहिलं. मग उठून स्वतःच पेला उचलला. पहिला पेला त्यांनी डोळे मिटून प्याला. दुसरा उघड्या डोळ्यांनी. पाचव्याला जरा थांबले, मिशा पुसल्या आणि विचारलं, "आजून किती?"

"दोन."

सात पेले पिऊन ते बसले. ओला पेला तक्रारीवर ठेवला गेला होता, शाई फुटून 'सदर हात'चा एक निळा डाग झाला होता. मी कागद झटकून त्यांना परत द्यायला गेलो.

"राहू द्या," ते म्हणाले. "शुद्धलेखनाच्या लई चुका हायत त्यात."

पुढच्या महिन्यात त्यांच्या सोसायटीनं ठराव केला, की सडात औषध सोडलेल्या गाईचं दूध तीन दिवस घ्यायचं नाही. कारणाच्या जागी तात्यांनी फक्त 'आरोग्य' एवढंच लिहून घेतलं. त्या भागात असा ठराव करणारी ती पहिली सोसायटी. माझी नेमणूक पुढं सरकली, आणि सरकत सरकत कायम झाली. सुमननं ठरावानंतर स्वतः धारेला बसायला सुरुवात केली आणि औषधाच्या दिवसांत दूध उकिरड्यावर ओतायचं काम सासूकडं दिलं.

तात्या त्यानंतर शिरूरच्या बाजाराला आले की केंद्रावर यायचे. हिरवं कधीच थांबलं होतं. तरी न विचारता माठातलं एक पेलाभर पाणी प्यायचे, बोट वर करून इकडचं तिकडचं बोलायचे आणि जायचे. अनेक वर्षं. कुठलंही पाणी चाललं असतं, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.